तुझे कान आणि शंभर वॅटचं मशीन

विलास, तो फोटो मीच दिला.

हे आधी सांगून टाकतो, कारण बाकीच्यांवर चिडायचं तर सुरुवात माझ्यापासूनच करायला हवी. तुझ्या पुण्यानुमोदनाला कंपनीचा एक साहेब आला होता. इस्त्रीचा शर्ट, हातात हार. वंदना संपेपर्यंत हात जोडून मागे उभा राहिला. मग माझ्याजवळ येऊन म्हणाला, तुम्ही विलासच्या बँडमधले ना, एखादा चांगला फोटो असेल तर द्या, कंपनीत श्रद्धांजलीचा बोर्ड लावायचा आहे. मला बरं वाटलं. बारा वर्षं पॉवर प्रेसवर पत्रे कापलेल्या माणसाची निदान तेवढी तरी आठवण ठेवतायत. दुसऱ्या दिवशी शाळेतून अर्धी रजा टाकून मी शहापूरहून मुरबाडला आलो आणि फोटो गेटवर देऊन गेलो. सगळ्यात चांगला निवडून दिला. पोल्ट्रीच्या शेडमधला. तू अनवाणी, गिटार पार मांडीपर्यंत लोंबलेली, आणि मागे ते काळं ॲम्प्लिफायरचं मशीन तुझ्या छातीएवढं.

बोर्ड कुठेच लागला नाही. फोटो लागला तो एका कागदाला.

सुनंदावहिनीने कामगार अधिकाऱ्याकडे अर्ज केला होता, त्यावर कंपनीने दिलेलं उत्तर होतं ते. मयत फावल्या वेळात परदेशी बनावटीच्या शंभर वॅटच्या यंत्रावर अतिशय मोठ्या आवाजात वाद्य वाजवत असत. त्यामुळे त्यांची श्रवणशक्ती क्षीण झाली होती. कंपनीच्या आवारात ट्रक मागे घेताना ड्रायव्हरने हॉर्न दिला, सोबतचे तिघे बाजूला झाले, मयतास तो ऐकू आला नाही. सबब अपघात मयताच्या वैयक्तिक कारणाने घडला. सोबत छायाचित्र जोडले आहे.

वहिनीने तो कागद माझ्यापुढे ठेवला आणि चहा टाकायला आत गेली. मी तीनदा वाचला. ती बाहेर आल्यावर म्हटलं, काय वाटेल ते लिहितात हे, विलासचे कान क्षीण म्हणे.

ती म्हणाली, "ऐकायला येत नव्हतं ते खरं हाय, भाऊजी. बाकीचं खोटं."

तिला वाटत होतं मला माहीत असेल. मग म्हणाली, नाही, तुम्हाला कसं माहीत असणार, त्यांनीच सांगू दिलं नाही. लग्न झाल्यावर वर्षभरात तिच्या लक्षात आलं होतं. पाठमोरा असलास की हाक तुला पोचायची नाही. मग ती जमिनीवर पाय आपटायची, तू वळायचास. पोरगी बोबडं बोलायला लागली तेव्हा तू तिला मांडीवर समोर तोंड करून बसवायचास. आम्हाला वाटायचं, काय लळा आहे. तू तिचे ओठ वाचत होतास.

आणि मला का नाही सांगितलंस, तर वहिनीने तुझे शब्द जसेच्या तसे सांगितले. "अन्याला कळलं तर तो मला वाजवू द्यायचा नाय."

मला या वाक्याचा इतका राग आला विलास, की मी चहा न घेता उठलो. कोण समजत होतास तू मला?

आपली ओळख कशी झाली ते आठवतं ना? मी भातसानगरचा, धरणावरच्या कॉलनीतला. माझे बाबा पाण्याच्या नोंदी ठेवायचे. कॉलनीतल्या एका इंजिनियरच्या मुलाने पुण्याहून हेवी मेटलच्या, दणदणीत इंग्रजी गाण्यांच्या कॅसेटी आणल्या होत्या आणि त्यांनी मला येडं केलं होतं. पण अख्ख्या शहापूर तालुक्यात त्याबद्दल बोलायला माणूस नव्हता. मग एका चौदा एप्रिलला मी मुरबाडला मिरवणूक बघत उभा होतो आणि तुमची बेंजो पार्टी आली. गाडीवर मधोमध तू. तुझ्या काकांचं जुनं व्हॉल्व्हचं मशीन, काचेच्या बल्बसारखे ते व्हॉल्व्ह आत लालबुंद पेटलेले, आणि तू त्याचं बटण शेवटपर्यंत फिरवलेलं. बेंजोचा आवाज फाटत होता. काका गाडीवरूनच शिव्या घालत होते, कमी कर म्हणत होते. आणि मला कळलं की कॅसेटीतला आवाज तो हाच.

तू खाली उतरल्यावर मी तुला गाठलं आणि वॉकमन तुझ्या कानाला लावला. तू पूर्ण बाजू ऐकलीस. मग म्हणालास, "ह्यांचं पण मशीन फाटलेलंय." आणि हसलास. तेव्हा तुझे कान चांगले होते. कंपनीत तू अजून लागायचा होतास.

मग तू गिटार शिकलास, मी बेस घेतला, किन्हवलीचा एक ड्रमवाला मिळाला आणि तुझ्या गावच्या बंद पडलेल्या पोल्ट्रीच्या शेडमध्ये दर रविवारी आपण वाजवायला लागलो. गावातले लोक म्हणायचे, कोंबड्या गेल्या तेच बरं झालं. सात-आठ वर्षं आपण कुठल्या कुठल्या देशी मशीनवर भागवलं. आवाज भुसभुशीत यायचा. मेटलमध्ये जाड तार तळव्याने दाबून मारली की ठोका पडला पाहिजे, कुऱ्हाड ओल्या लाकडात बसते तसा. आपला ठोका पडायचा पोत्यावर काठी मारल्यासारखा. शेवटी ठरलं की एकदाच घ्यायचं आणि खरं व्हॉल्व्हचं घ्यायचं.

आणि तिथून आपलं भांडण सुरू झालं, ते अजून संपलेलं नाही. तू अर्धवट टाकून गेलास.

मुंबईत दोन मशिनं होती. एक वांद्र्याच्या एका म्हाताऱ्या गिटारवाल्याकडे. सत्तर सालच्या आसपासचं, विलायती, हॉटेलांतल्या ऑर्केस्ट्रात आयुष्य काढलेलं. दुसरं दुकानात, कोरं. त्याच विलायती कंपनीने आता जुन्यासारखंच पुन्हा काढलेलं. तोच काळा रंग, तीच सोनेरी पट्टी, तेच नाव. फरक आत होता. जुन्याची प्रत्येक तार हाताने जोडलेली, नव्यात सगळं छापील सर्किटच्या प्लेटवर. जुन्याला आवाजाचं एकच बटण, पूर्ण वाढवल्याशिवाय आवाज फाटायचाच नाही. नव्याला वेगळं जास्तीचं बटण होतं, घरात हळू वाजवलं तरी फाटलेला आवाज मिळेल असं.

मी नव्याच्या बाजूने होतो. आजही आहे. मी तुला सगळं नीट सांगितलं होतं. जुन्याचा गुरगुराट जात नाही. त्याचे व्हॉल्व्ह कधी बदललेत कोणाला माहीत. शिवाय मेटलसाठी त्या जुन्याचा आवाज पुरेसा फाटतच नाही, ते बनवलं तेव्हा मेटल होतं कुठे? पुढे आवाज फाडणारं पेडल लावावंच लागेल. मग जुन्याचा हट्ट कशाला? तुझं म्हणणं एकच होतं. "जुनं बिघडलं तर मी मुरबाडात बसून दुरुस्त करीन. ती प्लेट जळली तर कुठं जायचं?" ते खरं होतं. तू काकांची मशिनं लहानपणापासून उघडत होतास. पण ते खरं कारण नव्हतं, हे मला आता कळतंय, आणि म्हणून मी चिडलोय.

आधी आपण दुकानात गेलो. तू नव्या मशीनला गिटार लावलीस आणि बारीक आवाजाचं, ट्रेबलचं बटण शेवटपर्यंत नेलंस. दुकानातलं गिऱ्हाईक कानावर हात ठेवून बाहेर गेलं. सेल्समन माझ्याकडे बघायला लागला. मी बटण मागे आणलं, तू परत पुढे नेलंस. मला लाज वाटली. मला वाटलं तू मुद्दाम करतोयस, नवं मशीन वाईट ठरवायला.

मग वांद्र्याला. त्या म्हाताऱ्याच्या जुन्या घराची जमीन लाकडी फळ्यांची होती. तू दाराशी चपला काढल्यास, सगळेच काढतात. मशीन तापायला दोन मिनिटं दिली, त्याने हातानेच खूण केली, वाजव. तू जाड तार दाबून एकदा मारलीस. आवाज खरंच मोठा होता, कपाटातल्या बशा वाजल्या. पण तू मशीनकडे बघतच नव्हतास. तू खाली बघत होतास, स्वतःच्या पायांकडे. अजून एकदा मारलीस. मग बोटं पसरून पाय नीट रोवलेस आणि म्हणालास, "हेच."

मी येताना भर रस्त्यात तुझ्याशी भांडलो. जुन्याचं वेड आहे तुला म्हटलं, कानाने निवड की. आणि आपण जुनं घेतलं, कारण वाजवणारा तू होतास.

शेडमध्ये आणल्यावर तू पहिली गोष्ट काय केलीस? कुठून तरी सागाच्या फळ्या आणल्यास, त्यांचा चौथरा केलास, त्यावर मशीन ठेवलंस आणि स्वतः अनवाणी त्यावर उभा राहिलास. आम्ही म्हटलं, स्टाईल मारतो. फोटो काढला मी. पायांनी ऐकत होतास तू. कानांना जे पोचत नव्हतं ते तळव्यांनी घेत होतास, आणि नवं मशीन आपण हळूच वाजवलं असतं, ते तुझ्या तळव्यांपर्यंत आलंच नसतं. एवढं साधं होतं. एका वाक्यात सांगता आलं असतं.

असो. कागद वाचल्यावर मी काय केलं ते सांगतो.

पहिल्यांदा मी कंपनीच्या गेटवर गेलो. फोटो परत मागितला. वॉचमन म्हणाला साहेब नाहीत. मी तासभर उभा राहिलो. आतून प्रेसचा आवाज येत होता, आणि तो तू मला इतक्या वर्षांत कधी ऐकवला नव्हतास. गेटवर, बंद भिंतीबाहेर, मला वॉचमनशी ओरडून बोलावं लागत होतं. आत तू रोज आठ तास उभा होतास, कानात घालायला कुणी कापसाचा बोळासुद्धा दिला नव्हता. आणि आपण महिन्यातून चार रविवार, दोन-दोन तास. तेही पावसाळ्यात शेड गळायची म्हणून बंद.

मग मला सुचलं की त्या मशीनसमोर तू एकटा नव्हतास. मी तुझ्यापेक्षा जवळ उभा असायचो. माझा बेस मशीनला खेटून असायचा. त्या यंत्राने कान जात असतील तर माझे आधी जायला हवेत. मी कल्याणला जाऊन कान तपासून घेतले. एका काचेच्या खोलीत बसवतात, कानाला हेडफोन लावतात, आवाज आला की बटण दाबायचं. तपासणाऱ्या बाईंनी कागद हातात दिला. वयाच्या मानाने उत्तम. पानं सळसळतात तेवढासुद्धा आवाज मला येतो म्हणे.

मला आनंद व्हायला हवा होता. मी तिथल्या बाकड्यावर बसून रडलो, आणि रडण्यात दुःख कमी, संतापच जास्त होता. माझे कान शाबूत, कारण मी शाळेत कारकून आहे. पंखा फिरतो, पोरं पाढे म्हणतात. एवढाच आपल्यात फरक.

बाईंनी पाणी दिलं, मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी समजावलं की मोठ्या आवाजाने आधी बारीक आवाज जातात. शिट्टी, बांगड्या, ट्रक मागे घेतानाचा तो टूं टूं हॉर्न. जाड आवाज बरीच वर्षं टिकतात. तुझं ट्रेबलचं बटण मला तेव्हा कळलं. पण त्या असंही म्हणाल्या की तुमच्या एकट्याच्या कानांनी काही सिद्ध होत नाही, कुणाचे कान दणकट असतात, कुणाचे नाजूक. त्यांच्याबरोबर प्रेसवर काम करणारे, गिटारला कधी हात न लावलेले आणा.

म्हणून मी तुझ्या कंपनीतल्या प्रेसवरच्या लोकांच्या घरी गेलो. कुणी दार लावलं, कुणी म्हटलं आमची पोरं आहेत. त्यांच्यावर मी चिडलो नाही, हे तुला सांगायला हवं. मग डोळखांबकडचे बबनदादा भेटले, तुझ्या शेजारच्या प्रेसवरचे. मी अंगणात उभं राहून हाक मारली, तीनदा. ते पाठमोरे सुपात नाचणी पाखडत बसले होते. वळले नाहीत. मी पुढे जाऊन समोर बसलो.

सगळं ऐकून ते म्हणाले, "मला गाणं म्हणजे फक्त हळदीचं माहीत. आणि तुझ्या तोंडाकडं बघितल्याशिवाय तू काय बोलतोस ते मला कळत नाय. मी येतो."

ते आले. त्यांच्यामागून अजून तिघे कल्याणला कान तपासायला आले. चौघांचे कान गेलेले, चौघांचे तसेच, बारीक आवाज गायब. कागद घेऊन आम्ही अधिकाऱ्याच्या टेबलापुढे उभे राहिलो. वहिनी मधे, पोरगी तिचा हात धरून. कंपनीचा तो इस्त्रीच्या शर्टवाला साहेब समोर. अधिकारी आधी कंटाळलेला होता. त्याने बबनदादांना विचारलं, तुम्ही कोणतं वाद्य वाजवता? दादांना ऐकू आलं नाही. त्याने परत विचारलं. दादांना परत ऐकू आलं नाही. मग तो खुर्चीत सरळ बसला आणि कंपनीवाल्याकडे बघत राहिला.

गेल्या आठवड्यात कंपनीने ते वाक्य मागे घेतलं. नव्या कागदात 'वैयक्तिक कारण' नाही. हलगर्जी तुझी नव्हती, एवढं शाईत आलं. प्रेसवर आता कानांवर घालायची टोपणं आली आहेत म्हणे, बबनदादा सांगत होते. बाकीचं प्रकरण चालू आहे, ते वहिनी बघतेय आणि ती माझ्यापेक्षा खमकी आहे. फोटोही परत मिळाला. वर पिन टोचल्याची दोन भोकं आहेत.

सगळे म्हणतात, विलासला आता शांतता मिळाली. मला नाही मिळाली. कंपनीवरचा राग थोडा खाली बसला तर तुझ्यावरचा वर आला. मी मेटलवाला होतो रे, कारकुनीत मरणारा, आणि आठवड्यात एकदा तुझ्या शेडमध्ये मी माणूस व्हायचो. ते तू दिलंस. तुझ्याइतका ठोका मुंबईतल्या पोरांनाही जमत नव्हता, आणि तो तू अर्ध्या कानांनी मारत होतास. मला हे तुझ्यासमोर बोलायचं होतं. तू संधीच दिली नाहीस. 'मला वाजवू द्यायचा नाय.' मी काय तुझा काका होतो, आवाज कमी कर म्हणणारा?

आणि इथे मला थांबावं लागतं, कारण मी म्हणालो होतो. एक गोष्ट मी वहिनीलाही सांगितलेली नाही.

कल्याणच्या त्या कॉलेजातली स्पर्धा. बँड म्हणून आपण गेलो ती शेवटचीच. तू ट्रेबल शेवटपर्यंत नेलेलं. पहिल्याच गाण्याला पुढच्या रांगेतल्या मुली कान दाबून उठल्या, परीक्षकाने हाताने थांबा म्हटलं. आपल्याला अर्ध्यात खाली उतरवलं. विंगेत बाकीचे बँड उभे होते, हसत होते. तू वायर गुंडाळत खाली बसला होतास. माझ्या डोक्यात रक्त चढलेलं. मी तुझ्या खांद्याला धरून तुला माझ्याकडे वळवलं, तोंडासमोर तोंड आणलं आणि सगळ्यांदेखत म्हणालो, "तुला कान आहेत का नाय?"

तू माझ्याकडे बघितलंस. मग हसलास, वायर पुरी गुंडाळलीस. त्यानंतर आपण एकत्र वाजवलं नाही. तू ड्युटीचं कारण सांगितलंस, मी ते खरं धरलं. लग्नाकार्यात भेटलो, काय कसं विचारलं, संपलं. चार वर्षं.

मी रोज विचार करतो, तुला नक्की काय ऐकू आलं असेल. विंगेत गोंगाट होता, स्टेजवर पुढचा बँड लागत होता. वहिनी एकदा सहज बोलून गेली होती, गर्दीत त्यांना काही कळायचं नाही. मला त्याचा आधार वाटला असता. पण तुला वळवलं कोणी? उजेडाकडे तोंड करून, एकेक अक्षर फोडून बोललं कोण?

पाठीमागून बोललो असतो, तर तुला ऐकू गेलं नसतं.